कर्ण्यासमोर गायलेली प्रार्थना

त्या मोठ्या हॉस्पिटलात कुठल्याही फोनवर नऊ दाबलं की पलीकडून तिचा आवाज यायचा. एकतीस वर्षं येत होता. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. झाडूवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तिला नऊनंबर म्हणत, आणि तिलाही त्याची इतकी सवय झाली होती की बँकेत कोणी खऱ्या नावानं पुकारलं तर ती मागं वळून पाही, कोणाला बोलावतायत म्हणून.

तळमजल्यावर एक्स-रे खात्याच्या मागं, खिडकी नसलेल्या खोलीत तिचा टेलिफोनचा बोर्ड होता. रडत बोलणारा, धाप लागलेला, दात नसलेला, भर रस्त्यातल्या गोंगाटातून ओरडणारा, कोणी काहीही बोललं तरी तिला पहिल्या फटक्यात कळायचं. नव्या मुली तीनतीनदा "काय म्हणालात?" विचारत बसायच्या, तोवर हिनं फोन जोडून दिलेला असे. कान असा तिखट, पण बाकीच्या देहाला स्वस्थता म्हणून नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलायचा, पेन आपटायचं. नवरा होता तोवर म्हणायचा, हिला एका जागी बसवायचं तर दोरखंड लागेल.

ती टेकडीकर होती. शहराच्या टोकाला एक टेकडी आहे; परक्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा तिच्यावरची माणसं रस्ते बांधायला म्हणून खाली उतरवली, पायथ्याशी पत्र्याच्या लांबच लांब चाळीत कोंबली, आणि परत वर काही जाऊ दिली नाहीत. साहेब गेला, चाळ राहिली. "टेकडीकर" हा शब्द शहरातले लोक एकतर कीव करत उच्चारायचे, नाहीतर नाक मुरडत. आता त्या टेकडीवर खाणवाल्यांचा डोळा होता, आणि टेकडी मुळात कोणाची हे ठरवायला सरकारनं एक आयोग बसवला होता. त्यासमोर टेकडीकरांची बाजू मांडणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता तिचा धाकटा भाऊ. पंचावन्न वर्षांचा, कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारा, बोलायला उभा राहिला की माईकची गरज न लागणारा माणूस. सगळे त्याला अध्यक्षसाहेब म्हणत. ती एकटी त्याला अजून छोट्या म्हणायची.

समितीचं एक गाणं होतं. प्रत्येक बैठकीच्या आधी सगळे हात जोडून उभे राहायचे आणि टेकडीची प्रार्थना म्हणायचे. ती त्यांना बापजाद्यांकडून मिळालेली नव्हती. बापजाद्यांची भाषा शाळांनी आणि वसतिगृहांनी केव्हाच घासूनपुसून काढली होती. चाळीस वर्षांपूर्वी चाळीतल्या काही तरुणांना वाचनालयात साहेबाच्या काळातल्या एका अधिकाऱ्याचं पुस्तक सापडलं. त्यात त्यानं टेकडीकरांच्या भाषेतली एक प्रार्थना आपल्या लिपीत, ऐकू आली तशी, लिहून खाली अर्थ दिला होता: हे टेकडीमाते, आम्हाला तुझ्या कुशीत ठेव, वगैरे. तरुणांना घबाड मिळालं. चाळीतल्या गाणंमास्तरानं तिला चाल लावली, संथ आणि भारदस्त. तेव्हापासून ती लग्नात म्हटली गेली, मयतीला म्हटली गेली, आणि आता आयोगाला दिलेल्या अर्जात पुरावा म्हणून तिसऱ्याच पानावर होती: ही टेकडी आमचं देवस्थान आहे, हे बघा, तुमच्याच साहेबानं लिहून ठेवलंय.

नऊनंबरची आई मात्र ती प्रार्थना ऐकली की पदर तोंडाला लावून हसायची. "शब्द आपल्यातले वाटतात गं, पण तोंडात खडे भरून बोलल्यासारखे," असं म्हणायची. आईला भाषा येत होती. आईमुळे हिलाही आली. भावाला सहाव्या वर्षी वसतिगृहात घातलं, मुलगा म्हणून. ही मुलगी, म्हणून घरी राहिली, आईच्या मागंमागं करत वाढली आणि अक्षरं शिकली ती पंधराव्या वर्षी, रात्रशाळेत. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत तिनं त्या भाषेतला एक शब्दही कोणाशी बोललेला नव्हता. बोलणार कोणाशी?

अशात ती फिल्मवाली आली.

तिशीपस्तिशीची बाई, एकटीच. कॅमेरा, माईक, तारा, सगळं एका पाठपिशवीत. आधी तिनं साहेबाच्या काळात बंदरावर राबलेल्या हमालांवर माहितीपट केला होता. तो कुठल्या थिएटरात लागला नव्हता, पण युनियनच्या हॉलांत, कॉलेजांत, एकदा तर बंद गिरणीच्या भिंतीवर दाखवला होता, आणि त्यावरून एका बंदरातल्या कामगारांनी जुन्या नोंदींसाठी मोर्चाही काढला होता. आता तिला टेकडीकरांवर फिल्म करायची होती. दोन वर्षं पत्रं लिहून लिहून तिनं परदेशातल्या एका संग्रहालयातून त्या अधिकाऱ्याचं मूळ ध्वनिमुद्रण मिळवलं होतं. म्हणजे पुस्तकात जी प्रार्थना छापली होती, ती त्यानं मेणाच्या नळीवर, मोठ्या कर्ण्यासमोर माणसं बसवून प्रत्यक्ष उतरवून घेतलेली होती. भाऊ हरखून गेला. माझ्या बहिणीला थोडीफार भाषा येते, तिला ऐकवा, फिल्ममध्ये अर्थ तीच सांगेल, असं त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं.

एका रविवारी दुपारी फिल्मवालीच्या भाड्याच्या खोलीत नऊनंबरनं हेडफोन कानाला लावले. ते तिच्या रोजच्या हातातलं काम. आधी कढईत काही तळावं तशी नुसती चरचर. मग साहेबाचा आवाज, त्यानं आपल्या भाषेत तारीख आणि नंबर सांगितला. मग बायकांचे आवाज. दोन, नाही, तीन.

फिल्मवालीनं नंतर सांगितलं की नऊनंबर पहिल्यांदा खुदकन हसली. मग थांबवायला सांगितलं, परत लावायला सांगितलं. परत. पाचव्यांदा ऐकताना तिचा हलणारा पाय थांबला होता.

ती प्रार्थना नव्हतीच. एक बाई सुरात म्हणत होती की या लालतोंड्याच्या डब्याला आवाज खायचा आहे, काय घालू याच्या तोंडात? दुसरी म्हणत होती, घाल लंगड्याच्या गाढवाची लीद. तिसरी हसत होती. मधेच एक पुरुष दबक्या आवाजात विनवत होता, की अगं काहीही म्हणा, प्रार्थना हवीय त्याला, सकाळपासून बसवून ठेवलंय, पोरं उपाशी आहेत. मग पहिलीनं सूर बदलला आणि माणसांची नावं घेतली, एकामागून एक, कोण रस्त्याच्या कामावर नेला आणि परतला नाही, कोणाचा पाय दगडाखाली गेला. आणि शेवटी तिघी मिळून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पुस्तकात ते धृपद म्हणून छापलं होतं. चाळीतली माणसं ते तीनदा म्हणायची, डोळे मिटून, शेवटचा स्वर लांबवत.

त्याचा अर्थ होता: आता सोडतील का?

"काय म्हणतायत?" फिल्मवालीनं विचारलं.

"आवाज नीट नाही," ती म्हणाली. एकतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. चप्पल घालताना तिचे पाय उलटेसुलटे पडले.

तो आठवडा तिचा कशात जीव लागेना. बाळंतिणींच्या वॉर्डला मागितलेला फोन तिनं स्वयंपाकघराला जोडला आणि तिथल्या आचाऱ्यानं कोण्या आजोबांना नातीऐवजी आज भात आहे असं सांगितलं. घरी गेली की भांडी घासलेली परत घासायची. बसमधून दोन स्टॉप आधीच उतरायची, कारण बसून राहवत नसे. आणि चालत सुटली की घर मागं पडलंय हे ध्यानात येत नसे. सांगावं तर समितीच्या पुराव्याचा बोऱ्या वाजतो. न सांगावं तर जन्मभर लोक आपल्याच पणजीच्या हतबलतेला हात जोडत राहणार. इकडे आड तिकडे विहीर. कधी वाटे, कशाला ऐकलं? कधी वाटे, आणखी एकदा ऐकायला हवं, ती तिसरी हसणारी बाई अगदी आईसारखी हसते.

गुरुवारी समितीची बैठक होती. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. सगळे उठले, हात जोडले, गाणंमास्तरानं सूर धरला. तिच्यासमोर एक म्हातारी होती, सून तिला धरून होती. धृपद आलं. दीडशे माणसं तल्लीन होऊन विचारत होती, आता सोडतील का, आता सोडतील का, आणि त्यांना माहीत नव्हतं आपण काय विचारतोय ते. तिसऱ्यांदा ते सुरू होण्याआधीच ती बाहेर पडली आणि चाळीच्या टोकापर्यंत जवळजवळ धावत गेली.

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. झेरॉक्सचं झाकण उघडून तो आत अडकलेला कागद ओढत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एकदाही न थांबता. तो कागद ओढत राहिला. मग हातातला फाटका तुकडा बघत म्हणाला,

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. त्या मुलीलाही नाही."

"मग सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कसली, छोट्या? आपण उभं राहून शिव्या आणि रडगाणं म्हणतोय."

"लोकांना ती प्रार्थना वाटते ना? मग ती प्रार्थना आहे. चाळीस वर्षांत झाली असेल. तू कोण ठरवणारी?" त्याचा आवाज चढला. "आयोगासमोर मी काय सांगू? आमच्या पुराव्यात गाढवाची लीद आहे?"

तो आता थांबेना. म्हणाला, तुला काय, तुला आईजवळ ठेवलं. मला नेलं. तिथं आईच्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला की दिवसभर कोपऱ्यात उभं करायचे, गळ्यात पाटी अडकवून. सुट्टीत घरी आलो तेव्हा तू आणि आई हसत होता, मला काही कळत नव्हतं, मला वाटलं मला हसताय. "मी त्या भाषेसाठी तीस वर्षं भांडतोय, ताई, आणि मला ती येत नाही. आणि तुला येते, तू कधी एक बैठक घेतलीस?"

"तुला शाळेत नेलं," ती म्हणाली. "मला कोणी नेलं नाही. मी खिडकीतून तुझी बस बघायचे."

एक वकील कागद घेऊन आला, भावानं त्याच्या प्रती काढायला घेतल्या आणि ती निघून गेली. त्यानंतर दोन आठवडे भावाबहिणीत बोलणं नव्हतं.

फिल्मवालीला तिनं अखेर खरं सांगितलं, ते रागारागानंच, जणू सगळा दोष त्या पाठपिशवीचा होता. फिल्मवाली म्हणाली, आवाज तुमच्या माणसांचे आहेत, फिल्ममध्ये घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर त्या भागाशिवाय फिल्म करीन. हे ऐकून तर नऊनंबरला आणखी वैताग आला. निदान हिनं तरी भांडावं, हट्ट करावा, म्हणजे नाही तरी म्हणता येईल. तिनं ध्वनिमुद्रणाची एक प्रत आपल्या मोबाइलवर मागून घेतली आणि तणतणत घरी आली.

मग एक दिवस, सकाळची साडेदहाची वेळ, म्हणजे बोर्डावर सगळ्यात धुमाळी असते तेव्हा, खोलीचं दार ढकलून भाऊ आत आला. एकतीस वर्षांत तो या खोलीत कधी आला नव्हता. खिडकी नाही हे बघून तो जरा दचकला. कागदांच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, "ऐकव."

तिनं आपले जुने हेडफोन मोबाइलला जोडले, त्यांची एक बाजू त्याच्या कानाला लावली आणि दुसरी बाजू स्वतःच्या डाव्या कानाला धरली. उजव्या कानाला बोर्ड होताच. "हॅलो, हॉस्पिटल," असं म्हणत ती लोकांना अपघात विभाग, रक्तपेढी, मुलांचा वॉर्ड जोडून देत होती आणि मधल्या फटीत त्याला एकेक ओळ सांगत होती. लालतोंड्या. डबा. काय घालू याच्या तोंडात. भाऊ कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मग तिसऱ्या बाईनं हसता हसता एक शब्द फेकला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"हे... हे आई मला म्हणायची."

"हो. मातीत लोळून आलास की."

तो हसायला लागला. खांदे गदागदा हलेपर्यंत हसला. त्या एका शिवीसाठी त्यानं ती जागा चारदा लावून घेतली आणि प्रत्येक वेळी स्वतः म्हणून पाहिली. उच्चार चुकत होता, तिनं सुधारून दिला. मग नावं आली. नावांना तो हसला नाही. तिनं सांगितलेलं नाव तो पुन्हा उच्चारत होता, खिशातून पेन काढून तळहातावर लिहीत होता. आणि शेवटचं वाक्य आलं तेव्हा बोर्डावर एकदम तीन दिवे लागले होते, तिला एका बाईला बर्न वॉर्ड द्यायचा होता. तिनं वळून पाहिलं तर त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

"वसतिगृहात आम्ही दर रविवारी वॉर्डनला हेच विचारायचो," तो म्हणाला. "त्याच्या भाषेत."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता, पण चौथा दिवा लागला. "हॅलो, हॉस्पिटल."

जाताना दारातून तो म्हणाला, "फिल्ममध्ये घ्यायला सांग. लोकांना मी सांभाळतो. तू फक्त शेजारी उभी राहा."

फिल्म रविवारी दुपारी युनियनच्या हॉलमध्ये दाखवली, आयोगाच्या सुनावणीच्या दहा दिवस आधी. नऊनंबर सगळ्यांना पडद्यावर दिसत होती, हेडफोन लावून, एकेक ओळ सांगताना. प्रत्यक्षात ती मागच्या दारात उभी होती, आतबाहेर करत. गाढवाच्या लिदीपाशी एका कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या खिदळल्या आणि त्यांचं बघून आणखी काहीजण. नावं आली तेव्हा एकजण उठून उभा राहिला, कारण त्यातलं एक त्याच्या घराण्याचं होतं. शेवटी सात-आठ माणसं तरातरा निघून गेली. आमच्या श्रद्धेची चेष्टा केली, असं त्यातला एक जाता जाता म्हणाला, आणि तो आजही भावाशी बोलत नाही. गाणंमास्तर डोकं खाली घालून बसला होता. अध्यक्ष त्याच्याजवळ गेला तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "चाल तरी वाईट नव्हती ना?"

एका कॉलेजातल्या मुलीनं उभं राहून विचारलं, की मग आता बैठकीच्या सुरुवातीला आपण काय म्हणायचं. अध्यक्षानं बहिणीकडं पाहिलं, बहिणीनं फिल्मवालीकडं. कोणी काहीतरी बनवून मात्र सांगितलं नाही.

आयोगासमोर भावानं आपण होऊन अर्जातलं तिसरं पान मागं घेतलं. त्यांचा स्वतःचाच वकील चिडला, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं तोंडावर म्हणाला. खाणवाल्यांच्या वकिलाला तर आयतं कोलीत मिळालं. त्यानं विचारलं, एक पान खोटं निघालं, बाकीच्या पानांचं काय? भाऊ म्हणाला, खोटं आम्ही लिहिलेलं नव्हतं, तुमच्या साहेबानं लिहिलं होतं. आम्ही ते खरं मानलं ही आमची चूक. आणि मग त्यानं ती नावं वाचून दाखवली, कागदावरून, पण उच्चार बरोबर. नावांना पुरावा म्हणून धरायचं की नाही, यावर आयोगानं निर्णय राखून ठेवला. तो अजून राखूनच ठेवलेला आहे. टेकडीवर अजून सुरुंग लागलेले नाहीत, एवढंच.

नऊनंबर गेल्या साली निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी मोठ्या सर्जननं भाषण केलं, आणि भाषणभर तिचा पाय हलत होता. फिल्म अजून गावोगाव फिरते, आणि फिल्मवाली दर वेळी तिला बोलावते. ती जात नाही. लोकांसमोर उभं राहिलं की तिला शब्द सुचत नाहीत. तिला दुसरीच घाई लागली आहे. ऐकलेलं कळतं, पण तसं बोलण्याइतकी आईची भाषा आपल्याला पुरती येत नाही, हे त्या ध्वनिमुद्रणानं तिच्या पदरात घातलं होतं. चूल, अंघोळ, रुसवा, शिव्या, अंगाई, एवढ्यापुरते तिच्याकडं भरपूर शब्द आहेत. पण भांडायचं कसं, हक्क मागायचा कसा, खोटं कसं बोलायचं, त्यातलं काहीच नाही. आईला ते येत असणार. तिनं कधी विचारलं नाही.

म्हणून तिनं एक वही केली आणि चौकशी करून करून, ज्यांना अजून भाषा येते म्हणतात अशा म्हाताऱ्या माणसांची यादी केली. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत मिळून नऊ जण निघाले. ती रविवारी जायची. कधी भाऊ बरोबर असायचा. तो विद्यार्थी म्हणून मठ्ठ आहे, एक क्रियापद शिकवायला महिना लागतो, आणि चुकला की अध्यक्षाच्या थाटात वाद घालतो. पहिल्या दोन महिन्यांत ती चौघांना भेटली. पाचव्या बाईच्या दारात गेली तेव्हा घरात माणसं जमलेली होती आणि चपलांची रांग बाहेरपर्यंत आली होती. सहाव्या म्हाताऱ्याच्या सुनेनं सांगितलं की गेल्याच बुधवारी गेले, तुम्ही आधी आला असता तर बरं झालं असतं, फार बडबडे होते.

आता ती रविवारची वाट बघत नाही. उठली की निघते. वही पिशवीत टाकते, आणि बस वेळेवर आली नाही तर स्टॉपवर थांबत नाही; पुढच्या स्टॉपच्या दिशेनं चालू लागते, अधूनमधून मागं वळून बघत.